मुक्या काकूचं मध्ययुग

आमच्या काकूचा आवाज केवढा मोठा होता हे सांगायचं तर आधी आजोबांबद्दल सांगावं लागेल. आजोबांना कानाचं मशीन लावूनही टीव्ही ऐकू येत नाही. दाराची बेल ऐकू येत नाही. शेजारच्यांचा कुत्रा तर जन्मात कधी भुंकलेला नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. पण काकूनं स्वयंपाकघरातून नुसतं "बाबा, जेवायला!" म्हटलं की मधली दोन दारं बंद असली आणि मशीन टेबलावर पडलेलं असलं तरी आजोबा चप्पल शोधायला लागतात. काका चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे त्याला बारीक बोलायची सवय. तो म्हणतो, "मी लग्नाआधी मुलगी नीट पाहून घेतली होती. ऐकून घ्यायची राहिली."

काकू खालच्या मजल्यावर राहते, आम्ही वरच्या. घरी ती काकू, आणि अकरावीच्या वर्गात इतिहासाची मॅडम. शाळेत काकू म्हटलेलं तिला खपत नाही आणि घरी मॅडम म्हटलेलं काकाला खपत नाही. "ती मॅडम, मग मी कोण? शिपाई?"

हा आवाज तिनं जन्माला येताना आणला नव्हता, तो शाळेनं घडवला. इतिहासाची खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, वर्कशॉपला चिकटून. भिंतीपलीकडे पोरं लोखंड कापतात. ग्राइंडर, कानस, हातोडा, आणि मधूनच तिथल्या सरांची किंकाळी, "अरे बोट! बोट सांभाळ गाढवा!" या सगळ्याच्या वर आवाज चढवून काकू वर्षानुवर्षं युरोपचा इतिहास शिकवत आली. खोली बदलून द्या म्हणून तिनं दरवर्षी अर्ज केला, आणि दरवर्षी त्याला "विचाराधीन" असं उत्तर आलं.

शिकवायची कशी, तर शेजाऱ्यांच्या भानगडी सांगितल्यासारखी. पदर नाही, ओढणी नाही, पण खोचल्याचा आविर्भाव पुरेपूर. "आता काय म्हणतेय मी? हा जो सरदार आहे ना, हा राजाकडून जमीन घेतो, आणि शब्द काय देतो? की बोलावशील तेव्हा लढायला येईन. आणि बोलावल्यावर? पाठ दुखते याची! कळलं? नाही कळलं. परत सांगते." हे "कळलं? नाही कळलं. परत सांगते" एका दमात यायचं. आपल्याला मधे हो म्हणायलाही जागा नाही. पहिली पट्टी वरची, दुसरी खालची, आणि "परत सांगते"वर आवाज असा फिरायचा, जसा रिकामा टँकर वळणावर फिरतो.

मला हे इतकं नेमकं माहीत आहे कारण काकूची नक्कल हा माझा हुकमी आयटम. शाळेत मी सगळ्यांच्या नकला करते, पण काकूची केली की लोक दार उघडून बघतात.

तर त्या टर्मला, अगदी मध्ययुगाच्या तोंडावर, काकूचा आवाज बसला. आधी खरखर, मग फाटका, मग नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून बघितलं आणि सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. दीड महिना एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं तर जास्तच ताण येतो. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा येईल याची खात्री मी देणार नाही."

काकूनं मान डोलावली. काका म्हणाला, "दीड महिना शांतता! डॉक्टर, तुमची फी थोडी वाढवून घ्या." हे तो डॉक्टरांसमोर बोलला खरा, पण त्या आठवड्यात घरात इतकं शांत झालं की त्याला झोप लागेना.

दुसरी अडचण शाळेत होती. आमच्या प्राचार्यांना आम्ही परिपत्रक म्हणतो. ते समोरासमोर काही बोलत नाहीत, कागद पाठवतात, आणि बोललेच तर कागदासारखं बोलतात. "उपरोक्त प्रकृतीचा विचार करता मॅडमनी रजेवर जावं. तास कॉमर्सचे सर घेतील. मध्ययुग वगळलं तरी चालेल, तसेही त्याला गुण कमी आहेत. ही व्यवस्था तात्पुरती आहे."

शाळेत तात्पुरती म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. संगीताचा तास असाच तात्पुरता बंद झाला होता. त्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन आहे.

काकूनं पर्समधून पाटी काढली. लहान मुलांची असते तशी, स्पंज बांधलेली. त्यावर लिहिलं: "मध्ययुग मीच शिकवणार. न बोलता." परिपत्रकांनी पाटी दोनदा वाचली. बहुधा जावक क्रमांक शोधत असावेत. मग म्हणाले, "ठीक. प्रायोगिक तत्त्वावर."

पहिला दिवस भयाण गेला. काकू फळ्यावर लिहायची, आणि तिची पाठ वळली की वर्गात बाजार. चिमटा नावाचा एक महाभाग आमच्यात आहे. तो बोलतो कमी, पण बोलला की चिमटा बसतोच. तो म्हणाला, "टीव्हीचा आवाज गेलाय, चित्र चालू आहे."

दुसऱ्या दिवशी काकू आली ती फळ्याकडे गेलीच नाही. टेबलासमोर उभी राहिली. दोन्ही अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं जुळवून गोल केला आणि आमच्याकडे बघत राहिली. मग हात आडवा धरून पाण्यात शेपूट हलावी तसा हलवला. मग करंगळी ओठांना लावली. मग तिनं पाटी फिरवली: "पाव. मासा. दूध. मध्ययुगातल्या काही मठांमध्ये संन्यासी ठरावीक वेळी बोलत नसत. जेवताना असं मागत."

करंगळी म्हणजे दूध, कारण तान्हं बाळ चोखतं तसं! वर्गात एकदम खसखस पिकली. जो तो शेजाऱ्याकडे मासे मागायला लागला. मग काकूनं तळवे जोडून पुस्तकासारखे उघडले, पान उलटलं, आणि मग, आमची काकू, इतिहासाची मॅडम, तिनं एका बोटानं कुत्र्यासारखा कान खाजवला. खराखुरा, मान तिरकी करून. पाटीवर: "ख्रिस्ती नसलेल्या जुन्या लेखकाचं पुस्तक हवं असेल तर. असल्यांना ते कुत्रा म्हणत."

मला राहवेना. मी शेवटच्या बाकावरून तिच्याच आवाजात म्हटलं, "आता काय म्हणतेय मी? शिव्या पण द्यायच्या आणि वाचायचं पण तेच! कळलं? नाही कळलं. परत सांगते!"

वर्ग फुटला. आणि मग एकदम थंड पडला, कारण काकू माझ्याकडे बघत होती. तिनं बोट वाकवलं. ये. मी गेले. तिनं मला खांद्याला धरून टेबलाच्या बाजूला उभं केलं, पाटी माझ्या हातात दिली, आणि हातानं सांगितलं: चालू ठेव.

अशी मी काकूचा आवाज झाले.

वाटलं होतं मजा आहे. मजा होतीच, पण नक्कल करायला सूर पुरतो आणि तासभर शिकवायला सूर पुरत नाही. काकू पुढे काय म्हणेल हे कळायला काकूला माहीत असलेलं सगळं माहीत असावं लागतं! म्हणून रोज संध्याकाळी मी खालच्या मजल्यावर. काकू कांदे चिरणार, मी कट्ट्यावर बसून उद्याचा धडा तिच्या आवाजात म्हणणार, आणि चुकलं की ती सुरीनं कटिंग बोर्डवर टकटक करणार. एक टक म्हणजे तपशील चुकला. दोन टक म्हणजे मी असं बोलत नाही. "नांगरलेली जमीन तीन भागांत. एकात हिवाळी पीक, एकात वसंतातलं, आणि तिसरा भाग—" टक टक. "बरं, बरं! आणि तिसरा भाग नुसता लोळत पडलाय, तुमच्या काकांसारखा!" काकू मान हलवून हसली, आवाज न करता. खांदे तेवढे हलले. बाहेरून काका, "मी ऐकतोय हं."

प्लेगचा धडा होता त्या दिवशी काकूनं काय केलं, सांगते. बाकांच्या तीन ओळी आहेत. तिनं खिडकीकडच्या अख्ख्या ओळीला उठायची खूण केली आणि दाराबाहेर उभं केलं. दप्तरं तिथेच, पाण्याच्या बाटल्या तिथेच, कुणाचं पेन उघडं. मग ती त्या रिकाम्या बाकांकडे बघत राहिली आणि मला खूण केली. मी तिच्या आवाजात सुरू केलं, "काही गावांत एवढी माणसं गेली. काही ठिकाणी याहून जास्त. आता काय म्हणतेय मी? उद्या सकाळी नांगर कोण धरणार?" त्या दिवशी ग्राइंडरही चालू होता, पण कुणाला ऐकू आला नाही. बाहेर उभा असलेला चिमटा आत आला आणि म्हणाला, "मेल्यावर फार बोअर होतं रे." पण चेहरा उतरलेला होता त्याचा.

मला इतिहास आवडायला लागला होता! हे लिहितानाही खरं वाटत नाही. प्लेगनंतर उरलेल्या मजुरांनी मजुरी वाढवून मागितली हे कळल्यावर जेवताना मी आईलाही तिच्या मजुरीच्या हक्कांबद्दल विचारायला लागले. आई म्हणाली, "आधी ताट उचल, मग हक्क."

आणि मग तो नकाशा.

नकाशांची खोली म्हणजे एक लांबट कपाट, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं श्वास बाहेर घ्यायचा. तिथे मध्ययुगातल्या एका जगाच्या नकाशाची मोठी प्रत आहे. त्यात पूर्व वरती असते, कारण तसला नकाशा काढणारे पूर्व वर ठेवत. पण शाळेतले लॅबचे मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते नीटनेटके. त्यांना तो नकाशा आडवा पडलेला दिसतो. ते बिचारे दरवेळी काठ्या काढून, नकाशा फिरवून, उत्तर वर करून, परत खिळे मारून ठेवतात. त्या दिवशी काकूनं नकाशा उलगडला, तर परत तेच. तिचे हात असे काही फिरायला लागले! मुठी, मनगटं, छताकडे बोट. मामा तिथे नव्हते, पण राग काही समोरच्याची हजेरी घेऊन येत नाही. आणि मला एव्हाना सवयच लागली होती, काकूचे हात हलले की माझं तोंड चालू. "मामा! परत फिरवलात? पूर्व वर असते यात, पूर्व! जग काय तुमच्या खिळ्यांवर फिरतं? कळलं? नाही कळलं. परत सांगते!" पूर्ण आवाजात. टँकरसकट.

कॉरिडॉरमधून कुणीतरी गेल्याचं ऐकू आलं. दार कुणी उघडलं नाही.

तासाभरात कागद आला. "आपला आवाज आज नकाशाकक्षातून सुस्पष्ट ऐकू आला आहे. प्रकृतीबाबत शाळेची दिशाभूल केल्याचे सकृद्दर्शनी दिसते. याचा खुलासा समक्ष व तोंडी करावा."

"तोंडी!" चिमटा म्हणाला. "म्हणजे बोलता येत नाही हे बोलून सांगायचं."

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो. मी म्हटलं, "सर, तो आवाज माझा होता." परिपत्रक चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या तुझ्या नात्यातल्या आहेत, असं समजतं."

"हो, पण सर, डॉक्टरांचं पत्र—"

"पत्रात बोलू नये असं म्हटलंय. बोलता येत नाही असं कुठे म्हटलंय? असो. तू म्हणतेस तर करून दाखव. आत्ता."

आणि मी तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. म्हणजे आलं, पण ते काकू नव्हतं. कोंबडी पायरीवरून पडावी तसं काहीतरी होतं. परत प्रयत्न केला, दुसरी कोंबडी. ज्या आवाजानं सबंध वर्ग हलवला तो नेमका तेव्हा कुठे दडी मारून बसला कोण जाणे. परिपत्रकांनी पेनाचं टोपण लावलं. "सोमवारपासून तास कॉमर्सचे सर घेतील. मॅडमना काही सांगायचं असल्यास त्यांनी उद्यापर्यंत एक वाक्य बोलून सांगावं."

काकूनं पाटी काढलीसुद्धा नाही.

संध्याकाळी खाली कुणी जेवत नव्हतं. काका येरझाऱ्या घालत होता. "अगं, एकच वाक्य! हळूच. 'मी खोटं बोलले नाही', एवढंच. चार शब्दांनी काय आभाळ कोसळणार आहे?" काकू बेसिनपाशी उभी होती. तिनं नळ बंद केला. वळली. तिनं श्वास घेतला, छाती भरून, वर्गात घ्यायची तसा, आणि मला एकदम कळलं की ती आता बोलणार.

"ए मुली!" आजोबा ओरडले. ते दारात उभे होते, मशीन न लावता. "एक अक्षर काढलंस तर मी या घरात जेवायला बसणार नाही. या सगळ्यांचं बोलणं मला डासांसारखं वाटतं. हाक तेवढी तुझी ऐकू येते. ती वाचव. तास गेला खड्ड्यात."

काकूनं तोंड मिटलं. मग तिनं अंगठे आणि बोटं जुळवून गोल केला. पाव. आजोबांना खूण कळली नाही, पण ते खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला काकू आली तेव्हा आम्ही तिला शिकवूच दिलं नाही. कारण चिमट्याच्या डोक्यात रात्रीतून दिवा लागला होता. आदल्याच आठवड्यात आम्ही मध्ययुगातला न्याय शिकलो होतो. एखाद्यावर आरोप आला की तो शपथ घ्यायचा, आणि बरोबर शपथेचे सोबती आणायचा. त्यांनी काही पाहिलेलं नसलं तरी चालायचं. त्यांनी फक्त म्हणायचं, की याची शपथ स्वच्छ आहे, खोटी नाही. आणि ठरलेल्या शब्दांत म्हणायचं. काही ठिकाणी तर जीभ अडखळली तरी शपथ वाया.

"परिपत्रकांना पुरावा नकोय," चिमटा म्हणाला, "त्यांना पद्धत हवीय. आपल्याकडे पद्धत आहे. चला."

काकू हातांनी नको नको म्हणत होती. आम्ही तिला मधे घेतलं आणि निघालो.

केबिनमध्ये सगळे मावलो नाही. अर्धे आत, अर्धे दारात. परिपत्रक उभेच राहिले. शिपायानं गोंधळून सगळ्यांत आधी काकूला खुर्ची दिली आणि पाण्याचा ग्लास दिला. चिमट्यानं टेबलावरची जाडजूड सेवा-नियमावली पुढे ओढली आणि तिच्यावर हात ठेवला.

"हे काय चाललंय?"

"मॅडम खोटं बोलल्या नाहीत याची शपथ, सर. पवित्र वस्तू लागते. तुमच्या केबिनमध्ये हीच दिसली."

आणि त्यानं एका सुरात म्हटलं, "मॅडमची शपथ स्वच्छ आहे, खोटी नाही." मग दुसरी. मग तिसरा. परिपत्रक "यासंदर्भात" म्हणाले, पण पुढची मुलगी सुरू झाली होती आणि नियमावलीवर हात असलेल्याला मधे तोडायचं की नाही याचा नियम त्यांना आठवेना. हळूबाई नावाची आमची मैत्रीण एक वाक्य अर्ध्या तासात बोलते, तीही न अडखळता बोलली. एकेक हात, एकेक आवाज. आता शेवटची मी राहिले होते, आणि घशात कालच्या दोन्ही कोंबड्या बसलेल्या.

मी हात ठेवला. काकूकडे पाहिलं. ती पाणी पीत होती, ग्लास ओठांना लावलेला, आणि वरून तिचे डोळे माझ्याकडे. मला फक्त एवढंच सुचलं की अडखळायचं नाही.

"मॅडमची शपथ स्वच्छ आहे, खोटी नाही," मी म्हटलं. इथे थांबायचं होतं. पण परिपत्रकांच्या कपाळावर ती आठी पडली, वर्गात कुणाला न कळल्यावर पडते तशी, आणि काकूची भुवई वर गेली, आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. "कळलं? नाही कळलं. परत सांगते!"

खिडकीची काच थरथरली. खोटं नाही सांगत. बाहेर शिपायाच्या हातून रजिस्टर पडलं. टँकर पूर्ण वळणावर फिरला होता.

परिपत्रकांनी काकूकडे पाहिलं. काकूच्या ओठांना अजून ग्लास होता. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत ग्लासाकडे. दारातल्या कुणीतरी फिसकन हसून तोंड दाबलं.

मी हात काढून घेतला. "सर, ठरलेल्यापेक्षा जास्त बोलले. शपथ वाया गेली का?"

परिपत्रकांनी तोंड उघडलं. "उपरोक्त," ते म्हणाले, आणि त्यांना पुढे काही सापडलंच नाही. नियमावली आपल्याकडे ओढून घेत म्हणाले, "वर्गात जा." आणि मग, आमच्या पाठीमागून, अगदी साध्या माणसासारखं, "तो नकाशाचा... तो काल तूच?"

"हो सर."

"भयंकर आहे हे," ते म्हणाले. पण आठी गेली होती.

कागद आला, येणारच. इतिहासाचा तास पूर्ववत. खाली आणखी एक ओळ होती: इतिहास विषयाची खोली वर्कशॉपपासून दूर, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. अर्ज मंजूर. काकूनं तो कागद वाचला, घडी घातली, आणि त्या कागदाकडे बघून, अख्ख्या वर्गासमोर, कुत्र्यासारखा कान खाजवला.

काल डॉक्टरांनी तिला मोकळं केलं. रोज थोडं थोडंच बोलायचं, या बोलीवर. सकाळी नव्या खोलीत आम्ही सगळे पैजा लावून बसलो होतो, पहिला शब्द काय येणार. चिमट्यानं "परत" वर लावली होती, मी "आता काय म्हणतेय मी" वर. काकू आत आली. इथे इतकं शांत की तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. तिनं भिंतीकडे पाहिलं. मामांनी नकाशा टांगून ठेवला होता, स्वच्छ पुसून, चारही खिळे सरळ मारून, उत्तर वर.

"मामा," काकू म्हणाली, "पूर्व वर."

आणि तो आवाज! जुना नव्हता. खालचा, थोडा खरबरीत, मधाच्या बाटलीत चमचा फिरावा तसा जड. ओरडलेला नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत आला. आजोबांना तो ऐकू जातो. रात्री मी खाली जाऊन बघून आले. "बाबा, जेवायला" एवढंच, हळू, आणि आजोबा चप्पल शोधायला लागले.

मी जिन्यात उभी राहून ते चार वेळा म्हणून पाहिलं. पूर्व वर. पूर्व वर. नाही जमत. खालची पट्टी येते, पण ती खरखर कुठून काढायची कळत नाही. वरून आई विचारतेय, जिन्यात कोण कण्हतंय. कण्हू दे. टर्म संपायच्या आत नाही जमवलं तर बघा!